कुसळांचं वर्ष

टॅलोवीच्या वाडीवर, गुरांच्या रानात गवत उगवलं आणि क्लॅरी पेनहॉल लहान पोरासारखा वागायला लागला. त्याची बायको नेरिडा त्याला काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला पुढे सांगणारे पुष्कळ निघाले. पण ज्यांच्या दारात नऊ वर्षं नुसती लाल धूळ उडत होती, ज्यांनी निम्मी गुरं मिळेल त्या भावाला काढली आणि उरलेल्यांतली कितीतरी स्वतःच्या हाताने गोळी घालून पुरली, त्यांच्या पायरीपर्यंत गवत डोलत आल्यावर त्यांनी शहाण्यासारखं वागावं, ही अपेक्षा शहरात पंख्याखाली बसूनच करता येते.

क्लॅरीला नादच लागला होता. कुंपण पाहायला म्हणून दोघं निघायची आणि हा मध्येच चाकोरी सोडून गाडी सरळ गवतात घालायचा. खिडकीतून हात बाहेर काढायचा, बोटं पसरायचा, आणि गवताची तुरे आलेली टोकं बोटांमधून सरकू द्यायचा. गाडीच्या पोटाला खालून गवत सळसळत घासायचं.

"ऐक, ऐक," तो म्हणायचा. "हा आवाज कसा असतो ते मी विसरलोच होतो."

"साठी उलटली तुझी," नेरिडा म्हणायची.

"मग? गवताला काय त्याचं?"

ती हसायची. त्या आधीच्या वर्षांमध्ये तो टेबलाशी तासन् तास भिंतीकडे बघत बसलेला तिने पाहिला होता. बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिने तेव्हा पिठाच्या डब्यात लपवून ठेवली होती, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. तो माणूस आता गवतात गाडी घालून खिदळत असेल तर त्याला अडवायला तिच्या जिवावर आलं असतं.

एक विषय मात्र तिने काढला होता, दोनदा काढला होता. तो म्हणजे जाळी. गवताच्या वर्षी गाडीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधायची, हा तिकडचा जुना रिवाज. नाहीतर कुसळं उडून रेडिएटरमध्ये शिरतात, त्याच्या बारीक फटी बुजतात, वारा आत जात नाही आणि इंजिन तापतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुष्काळात गवतच नव्हतं, तर कुसळ कुठून येणार? उगाच हवा अडते म्हणून क्लॅरीने जाळी काढली आणि कोल्ह्यांच्या भीतीने कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकली. आजूबाजूच्या सगळ्यांनीच काहीतरी असंच केलं होतं. कुणाची जाळी भाजीच्या वाफ्यावर गेली, कुणाची पाण्याच्या टाकीवर. त्या वर्षी त्या भागात कितीतरी गाड्यांची इंजिनं उकळली आणि ज्याने त्याने कपाळावर हात मारून घेतला. दुष्काळाने माणसं पाण्याला जपायला शिकली होती, पण गवताला भ्यायची त्यांची सवय पार मोडली होती.

"बांधतो गं," क्लॅरी म्हणाला होता. "पावसाने बंद पडलेला शहराचा रस्ता उघडू दे, कोंबड्यांना दुसरी जाळी आणू, मग बांधतो. कोल्ह्याला आमंत्रण देऊ का आता?"

ते तिथेच राहिलं.

जानेवारीतली, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातली ती सकाळ. ऊन वर यायच्या आतच पत्रे तडतडायला लागले होते. क्लॅरी वासरांना पाणी सोडून परत आला आणि आत न येता पायरीवरच बसला. नेरिडा चहाचा कप घेऊन बाहेर आली, तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला.

"काय रे?"

"काही नाही. छातीवर कुणीतरी बैल बसवलाय."

तिने कप तिथेच ठेवला आणि फोनकडे धावली. तिकडे दवाखाना येतो तो विमानाने. आधी फोनवर डॉक्टर विचारतो, मग घरात ठेवलेल्या औषधांच्या पेटीतली अमुक क्रमांकाची गोळी द्या, तमुक क्रमांकाची जिभेखाली ठेवा, असं सांगतो. नेरिडाने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. एवढ्या गडबडीतही पेटीचं झाकण तिने परत नीट लावलं. तशी ती टापटिपीची.

"विमान निघतंय," डॉक्टर म्हणाली. आवाजावरून तरुण वाटत होती. "तुमची धावपट्टी कशी आहे, बाई?"

नेरिडाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. घरामागची धावपट्टी, जिथे दुष्काळात विमान डोळे मिटून उतरलं असतं, ती आता कमरेएवढ्या गवताखाली होती. पलीकडचं टोक अजून ओलंच होतं. गवत कापायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. संध्याकाळी तिकडे बघत चहा प्यायची त्यांची जागा होती ती.

"गवत आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"किती?"

"खूप."

पलीकडे वैमानिकाशी काहीतरी बोलणं झालं. मग डॉक्टर म्हणाली, "तिथे नाही उतरता येणार. बूलकाराला आणाल का त्यांना?"

बूलकारा म्हणजे शेजार. तिकडे शेजार म्हणजे दीड तासाची वाट. तिथली धावपट्टी दगडी माळावर होती, तिथे चांगल्या वर्षीही काही उगवत नसे. पण तिथली व्हॅल्डा घरात एकटी होती. तिचा नवरा माणसं आणि गाड्या घेऊन गुरं गोळा करायला लांब गेलेला. गाडी घेऊन अर्ध्या वाटेवर यायला तिच्याकडे गाडीच नव्हती.

"मी पट्टीवरची कांगारू हाकलते," व्हॅल्डा फोनवर म्हणाली. "तू फक्त त्याला आण. नेरिडा, ऐकतेस ना? नीट ये. तू खड्ड्यात गेलीस तर कुणाचंच भलं होणार नाही."

नेरिडाने गाडीची पुढची सीट मागे पाडली, उशी ठेवली, ओला टॉवेल घेतला, पाण्याचे दोन डबे टाकले. क्लॅरी तिच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत चालत आला. कुत्र्यांना त्याने नेहमीसारखी शिवी घातली.

"डाव्या बाजूला बसायची सवय नाही मला," सीटवर टेकत तो म्हणाला.

"आज बस. आणि तोंड बंद ठेव."

"लग्नाच्या दिवशीही हेच म्हणाली होतीस."

सुरुवातीचा रस्ता बरा होता. एसीचा गार वारा येत होता. क्लॅरी डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या गालांवर थोडा रंग आला होता. नेरिडाच्या जिवात जीव आला. दोन्ही बाजूंना गवत पिवळं पडून वाऱ्यावर झुकत होतं. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरही ते वाढलेलं, गाडीखाली सळसळत होतं. आज तिला तो आवाज ऐकवत नव्हता.

पुढे वाळूच्या टेकड्या लागल्या. गाडी पहिली चढून उतरली. दुसरीच्या अर्ध्यावर क्लॅरीने डोळे उघडले.

"एसी बंद कर."

"का?"

"आवाज ऐकू येत नाही तुला? पंखा घरघरतोय. काटा बघ."

तिने पाहिलं. टेंपरेचरचा काटा एरवी मध्यावर झोपलेला असायचा, तो आता वर सरकला होता. तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या. बाहेरची हवा चुलीचं दार उघडल्यासारखी आत आली. गियर खाली घेतला, वेग कमी केला. तरी तिसरी टेकडी उतरेपर्यंत काटा लाल पट्टीला टेकायला आला.

"थांबव," क्लॅरी म्हणाला. "वाऱ्याकडे तोंड करून. इंजिन चालूच ठेव."

"माहीत आहे रे मला."

टेकडीखाली पाणी साचून मोठं डबकं झालं होतं. नऊ वर्षं तिथे कोरडी, तडकलेली माती होती, आता बदकं पोहत होती. नेरिडाने गाडीचं नाक वाऱ्याकडे केलं आणि बोनेट उघडलं. वाफेचा आणि करपलेल्या गवताचा वास आला. ती वाकून गाडीच्या तोंडावरच्या फटींतून आत बघायला लागली आणि तशीच राहिली.

रेडिएटर दिसतच नव्हता. त्याच्या जागी कुसळांची चटई होती. पिवळी, दाट, टाचून बसवल्यासारखी. जितक्या वेळा क्लॅरीने गाडी गवतात घातली होती आणि ती शेजारी बसून हसली होती, तितके थर. वर किड्यांचे पंख, धूळ, एक वाळलेला टोळ. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

"काय आहे?" आतून क्लॅरीने विचारलं.

"तुझं गवत आहे."

तिने हातानेच कुसळं ओरबाडायला सुरुवात केली. बोटांत शिरली, नखांखाली गेली.

"काडीने टोचू नकोस," क्लॅरी खिडकीतून म्हणाला. "आतले बारीक पत्रे वाकतात. आणि समोरून पाणी मारू नकोस, आणखी आत जातील. मागून मार. इंजिनाच्या बाजूने."

"गप पड म्हटलं ना! बोलून दमतोस."

"रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस."

"क्लॅरी!"

"बरं, बरं. राहिलं."

डबक्यातून पाणी आणून तिने मगाने मागच्या बाजूने ओतलं. डबा भरायचा, धावत यायचं, ओतायचं, पुन्हा धावायचं. पुढून पिवळा लगदा गळून चाकाशी साचला. काटा थोडा खाली आला. पण खरी गोम आत होती. एसीचा जाळीदार पत्रा पुढे, रेडिएटर मागे, आणि दोहोंच्या सांध्यात कुसळं ठासून बसलेली. ती काढायची तर पाना-पक्कड घेऊन सगळं मोकळं करायला हवं. घरी, सावलीत, अर्ध्या दिवसाचं काम. क्लॅरीने तिला शिकवलेलं. दोघांनी मिळून कितीतरी वेळा केलेलं, पूर्वी, गवताच्या वर्षांमध्ये.

पाणी कुठेही होतं त्या दिवशी. डबक्यात, खड्ड्यांत, चाकाच्या खुणांमध्ये. नऊ वर्षं त्याच पाण्यासाठी आभाळाकडे बघून मान मोडली होती, आणि आता ते तिच्या घोट्यापर्यंत होतं आणि कशाच्याही कामाचं नव्हतं.

ती गाडीत येऊन बसली. क्लॅरीच्या ओठांवरचा रंग पुन्हा गेला होता. तो हसला, पण त्याचे दात आवळलेले होते.

"तासभर थांबलो तर गार होईल," ती म्हणाली. "मग हळूहळू..."

"तासभर नाहीये आपल्याकडे."

हे त्यालाही ठाऊक आहे, याचाच तिला जास्त धक्का बसला.

"हीटर लाव," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिकडच्या प्रत्येकाला हा उपाय माहीत असतो. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची आग ओढून गाडीत सोडणारा. इंजिन उकळायला लागलं की भर उन्हात हीटर पूर्ण लावायचा, काचा उघडायच्या, आणि आतल्यांनी भाजून निघायचं. दोघांनी हे केलेलं होतं, घाम पुसत, एकमेकांना शिव्या घालत. पण तेव्हा दोघं धडधाकट होती.

"नाही," ती म्हणाली. "बाहेर पंचेचाळीस आहे. तुझं हृदय... नाही लावणार मी."

"नेरिडा."

"मरशील तू!"

"इंजिनाचं हेड गेलं, गाडी बंद पडली, तर इथेच मरीन. आणि तू बदकांशी गप्पा मारत बसशील." त्याला धाप लागली. "मी सोसेन. इंजिनाला सोसत नाही. लाव."

तिने ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर ठेवला, छातीवर पाणी शिंपडलं, त्याच्या ओठांना मग लावला. मग तिने तो दांडा निळ्याकडून लालकडे सरकवला आणि पंखा शेवटपर्यंत फिरवला. पायांवर, गुडघ्यांवर, तोंडावर आगीचा झोत आला. क्लॅरीने एकदा मोठ्याने श्वास घेतला आणि डोळे मिटले.

काटा थरथरला. मग केसभर खाली आला.

"आला ना?" डोळे न उघडता त्याने विचारलं.

"आला."

"सांगत होतो."

गाडी निघाली. तिसऱ्या गियरमध्ये, फार जोरात नाही, फार हळू नाही. इंजिनाला वारा मिळायला हवा आणि त्याच्यावर ताणही यायला नको. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. ती दर क्षणाला क्लॅरीकडे वळून बघत होती.

"माझ्याकडे नको बघूस," तो म्हणाला. "मी बघण्यासारखा राहिलो नाही. काटा बघ."

"तू बरा आहेस ना?"

"माझ्याकडे बघून मी बरा होणार नाही. काट्याकडे बघितलंस तर गाडी तरी पोचेल." मग बऱ्याच वेळाने, हळू आवाजात, "छान होतं ना पण?"

"काय?"

"गवत."

"हो रे. छान होतं."

"जाळी बांधायला हवी होती."

"उद्या बांधू. कोंबड्यांना मरू दे."

तो हसला असावा. "मला झोप येतेय," तो म्हणाला. "काटा बघ."

तिने काटा बघितला. डोळ्यांत तेल घालून बघितला. लाल पट्टीच्या जरा खाली तो अडकला होता. चढ आला की वर जाई, उतार आला की परत येई, आणि तिचा जीव त्याच्याबरोबर वरखाली होई. मध्येच ती डावा हात गियरवरून काढून क्लॅरीच्या हातावर ठेवायची. गरम. घामाने भिजलेला, गरम. पुन्हा गियर, पुन्हा काटा.

वाटेत दगडी पट्टा लागला. तिथे रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा उंचसखल झाला होता आणि गाडी दाढांपर्यंत हादरत होती. तिने बोलत राहायचं ठरवलं. काहीही बोलायचं.

"व्हॅल्डाने केक केला असेल. तिला घाबरल्यावर केक करायची सवय आहे. आठवतं, पूर आला होता तेव्हा? तीन केले होते बाईने, आणि खायला कुणी नाही." तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. टॉवेलखाली त्याची मान हलत होती, हो, हो म्हणत. "तू म्हणालास, एकाने खिडकी बुजवा."

मान हलली.

"माफ कर हं, या उकाड्याबद्दल. अगदी थोडं राहिलं. मलाही काही गार वाटत नाहीये."

मान हलत राहिली. तिने हात लावला. गरम होता. घामही वाळला होता आता. तिला वाटलं, बरं झालं, दरदरून आलेला घाम थांबला. दुखणं कमी झालं असेल, गोळीने काम केलं असेल. माणसाला जे हवं असतं ते दिसायला कितीसा पुरावा लागतो?

शेवटची टेकडी चढल्यावर गाडीतला बोलायचा रेडिओ पल्ल्यात आला, खरखरला आणि व्हॅल्डाचा आवाज आला. नेरिडाच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाचा आवाज इतका गोड लागतो हे ती विसरली होती.

"कुठे आहेस तू? विमान येऊन उभं आहे. कधीपासून वाट बघतोय."

"गाडी तापली. हीटर लावून आणतेय. आता तुझ्या कुंपणाशी आलेच."

"क्लॅरी कसा आहे?"

"झोपलाय."

थोडी खरखर. मग दुसऱ्या बाईचा आवाज आला. सावध आणि शांत. "बाई, मी नर्स रोवीना. ते तुमच्याशी बोलतायत का?"

"मघाशी बोलत होता. आता मान हलवतोय. अंग गरम आहे चांगलं."

"गाडी थांबवून त्यांचा श्वास बघता येईल का?"

नेरिडाने काट्याकडे पाहिलं. टेकडी चढताना तो लाल पट्टीत शिरला होता. आता थांबलं तर गाडी पुन्हा हलेल की नाही, कोण सांगणार? समोर खाली माळावर पांढरं विमान दिसत होतं, नखाएवढं.

"थांबले तर उकळेल," ती म्हणाली. "तुम्ही दिसताय मला. येतेच मी."

मग नर्स म्हणाली, "बरं. या तुम्ही."

धावपट्टीच्या कडेला ती माणसं उभी होती. व्हॅल्डा हातात काठी घेऊन, कांगारू हाकलायची. तरुण डॉक्टर, नर्स, वैमानिक, स्ट्रेचर. नेरिडाने गाडी त्यांच्यापाशी नेऊन उभी केली आणि त्या घाईतही, विचार न करता, तिचं नाक वाऱ्याकडे वळवलं. बोनेटच्या कडांतून वाफ निघत होती. पण पोचली. इंजिन पोचलं. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसली.

"क्लॅरी," ती म्हणाली. "पोचलो रे. उठ."

नर्सने पलीकडचं दार उघडलं. आतला झोत तिच्या अंगावर आला आणि ती क्षणभर मागे सरली. मग तिने वाकून क्लॅरीच्या गळ्याला दोन बोटं लावली. टॉवेल बाजूला केला. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली. दोघी एकमेकींकडे बघेनात. गाडी थांबली होती, आणि क्लॅरीची मान आता हलत नव्हती.

"बाई," डॉक्टर म्हणाली. फोनवरचा आवाज तोच होता. खरंच तरुण होती बिचारी, मुलीच्या वयाची. "बाई, ते गेलेत."

"नाही," नेरिडा म्हणाली. "हात बघा त्याचा. गरम आहे."

"बराच वेळ झालाय जाऊन."

"कसं शक्य आहे? मी हात लावत होते ना. सारखी लावत होते. गरम होता. आताही आहे, बघा तुम्ही. गार माणूस असा असतो का?"

हीटरचा पंखा घोंघावत होता. पुढच्या फटींतून तोच गरम वारा क्लॅरीच्या छातीवर, गळ्यावर, मांडीवर ठेवलेल्या त्या हातावर एकसारखा पडत होता. नेरिडाने तिकडे पाहिलं. तिला कळलं ते तेव्हा. व्हॅल्डाने नंतर सांगितलं की तिच्या तोंडून आवाज आला नाही, नुसता चेहरा म्हातारा झाला.

नर्सने हात आत घातला आणि हीटर बंद केला. मग ती किल्लीकडे हात नेऊ लागली.

"नको," नेरिडा म्हणाली. "तापलेलं इंजिन लगेच बंद करायचं नसतं. चालू राहू दे. तो रागावतो."

नर्सने हात मागे घेतला. तरुण डॉक्टर काही बोलायला गेली, तिला व्हॅल्डाने दंडाला धरून बाजूला नेलं. वैमानिकाने टोपी काढली आणि काय करावं न कळून बोनेट वर उचलून टेकवलं. इंजिन आपलं चालत राहिलं. नेरिडा काट्याकडे बघत बसली, सांगितलं होतं तशी. कितीतरी वेळाने तो लाल पट्टी सोडून खाली आला, आणखी खाली आला, आणि रोजच्या जागी, मध्यावर येऊन थांबला. तेव्हा तिने किल्ली फिरवली.

क्लॅरीचा हात तिने सोडला नाही. काचा उघड्याच होत्या, माळावरचा वारा आत येत होता, आणि तोही गरमच होता. विमान त्याला न घेता गेलं. व्हॅल्डाने चहा आणला, तो गाडीच्या टपावर तसाच राहिला. इंजिन केव्हाच गार झालं होतं. त्याचा हात गार व्हायला संध्याकाळ लागली.